शार्डोने : द्राक्ष कोणाचे, बाटलीवर नाव कोणाचे?

गेल्या महिन्यात एका गावी शिवारफेरीला गेलो असता एका तरुण बागायतदाराने खिशातून घडी केलेले रंगीत पत्रक काढून माझ्या हातात ठेवले. 'थंड समुद्रकिनारी पिकणारे जगप्रसिद्ध वाइन द्राक्ष, शार्डोने. रोपे आमची, खरेदीही आमची,' असा त्यातला मजकूर. खाली फोन नंबर. त्याचा प्रश्न सरळ होता, ''साहेब, दोन एकर लावू का?'' शेजारी उभे असलेले त्याचे आजोबा म्हणाले, ''नाव तर तोंडात येईना, लावायचं कसं ते?'' सगळे हसले. पण त्या पोराचा प्रश्न काही हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. दोन एकर द्राक्ष म्हणजे मांडव, तार, ठिबक, खुंट, कलम सगळे धरून घरावर कर्ज काढण्याचा मामला. म्हणून त्याला तिथे उभ्याउभ्या 'हो' किंवा 'नाही' सांगितले नाही. उत्तर येथे लिहितो आहे, कारण अशी पत्रके आणखीही गावांत फिरत असणार.

वाइन ही दारू की शेतमाल, हा वाद येथे काढत नाही. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. आपला विषय द्राक्ष आणि ते पिकवणाऱ्याच्या पदरात काय पडते, एवढाच.

ही जात थंड किनाऱ्यावर कशी पिकते ते पाहायचे तर अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाचा सोनोमा किनारा पाहावा. सॅन फ्रान्सिस्को शहराच्या उत्तरेला हा भाग लागतो. वाचकांना तो अगदीच परका वाटू नये, कारण नाशिकच्या वाइनचा पहिला धागा तिथेच जोडलेला आहे. राजीव सामंत यांनी अमेरिकेतली नोकरी सोडून गंगापूर धरणाजवळ सुला सुरू केली, तेव्हा त्यांना वाइन तयार करायला मदत केली ती केरी डॅम्स्की या सोनोमाच्याच तज्ज्ञाने. 1997 च्या सुमारास तिथे वेली लागल्या, 2000 साली पहिली वाइन बाजारात आली. आता गंमत पाहा. सोनोमातला माणूस, ज्याच्या घराभोवती शार्डोनेच शार्डोने, त्याच्या साथीने नाशिकला सुरुवात झाली ती सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां या जातींनी. आपल्या पोराच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर इथेच आले, असे समजायला हरकत नाही.

शार्डोने ही मूळची फ्रान्सच्या बरगंडी भागातली पांढरी जात. पीनो आणि गूए ब्लां या दोन जुन्या जातींच्या संकरातून ती झाली, हे 1999 साली कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी आनुवंशिक तपासणीवरून दाखवून दिले. पीनो खानदानी, तर गूए म्हणजे गावठी, कोणी किंमत न देणारी जात. त्या दोघांची ही लेक. वेल तशी काटक आहे, पण तिला घाई फार. हिवाळा सरत आला की इतरांच्या आधी डोळे फोडते. मण्याची साल पातळ असते. आणि स्वतःची अशी ठसठशीत चव तिला नाही. जिथे लावाल तिथल्या हवामानाची, मातीची आणि पिंपातल्या लाकडाची चव ती घेते. म्हणून तर ही जात जगभर पसरली, आणि म्हणूनच चुकीच्या जागी लावली तर नुसते गोड पाणी हाती येते.

आपल्या बागायतदारांना एक गोष्ट ऐकून नवल वाटेल. कॅलिफोर्नियातली बरीचशी शार्डोने वेंटे नावाच्या कुटुंबाच्या बागेतून पसरली. त्या घराण्याने 1912 साली फ्रान्समधून काड्या आणल्या होत्या. त्या वाणाच्या घडात मोठ्या मण्यांबरोबर बारीक बारीक मणीही राहतात. आपण तसा घड पाहिला की व्यापारी भाव पाडणार म्हणून कपाळाला हात लावू. विरळणी, डिपिंग करून सगळे मणी एकसारखे करण्यासाठी आपण जिवाचा आटापिटा करतो. तिथे मात्र बारीक मण्यात रस कमी, साल जास्त आणि चव गाढ, म्हणून तोच घड वाइनवाल्याला हवा असतो. खाण्याचे द्राक्ष आणि वाइनचे द्राक्ष ही दोन वेगळी पिके आहेत, हे मी प्रत्येक सभेत सांगत आलो, ते यासाठीच.

थंडी येते कोठून?

पत्रकात 'समुद्रकिनारी' हा शब्द ठळक छापलेला होता. दापोलीकडचे माझे एक पाहुणे ते वाचून म्हणाले, ''किनाऱ्यावर येतं तर मग आमच्याकडे का नाही लावत?'' किनारा म्हटले की थंड, असे नसते. आपला अरबी समुद्र उबदार आहे, म्हणून कोकणात घाम फुटतो. सोनोमाच्या किनाऱ्याला पॅसिफिक महासागराचा थंड प्रवाह उत्तरेकडून खाली वाहतो. त्यात वारा वरचे पाणी बाहेर ढकलतो आणि खोलातले गार पाणी वर येते. भर उन्हाळ्यातसुद्धा किनाऱ्यालगतचे पाणी दहा-तेरा अंशांचे असते. पाय बुडवला तर हाडे गारठतात. आत, डोंगरांच्या पलीकडे कॅलिफोर्नियाचे मोठे खोरे तापते, तिथली हवा वर जाते आणि तिची जागा भरायला समुद्रावरची गार हवा धुके घेऊन डोंगरांच्या खिंडींतून आत घुसते. संध्याकाळी धुके आत येते, दुसऱ्या दिवशी उन्हे वर आली की विरते. पेटालुमा गावाजवळच्या खिंडीतून हा वारा इतका नेमाने वाहतो की 2017 साली त्या भागाला वेगळे द्राक्षक्षेत्र म्हणून मान्यता मिळाली, ती मुख्यतः वाऱ्याच्या जोरावर. शिवाय तिथला पाऊस हिवाळ्यात, उन्हाळा कोरडा. कोकणातला जून-जुलै आठवा आणि त्यात पातळ सालीचे द्राक्ष डोळ्यांसमोर आणा, म्हणजे पाहुण्यांच्या प्रश्नाचे उत्तर मिळेल.

एवढी थंडी सगळीकडे चालते असेही नाही. किनाऱ्यालगत फोर्ट रॉस नावाचे ठिकाण आहे. 1812 साली रशियन कंपनीने तिथे लाकडी गढी बांधली होती. त्या परिसरात सखल जागी धुके दिवसभर हलत नाही, द्राक्ष पिकतच नाही. बागा आहेत त्या सुमारे 920 फुटांच्या वर, डोंगराच्या धारेवर, जिथे धुके पायाखाली राहते आणि डोक्यावर ऊन असते. म्हणजे खाली गारठा, वर सूर्य आणि रात्री पुन्हा गारवा. एकाच गावच्या शिवारात खालचा पट्टा निरुपयोगी आणि वरचा सोन्यासारखा.

या गारव्याचा उपयोग काय, तर आम्लता. द्राक्ष पिकताना साखर वाढते आणि आंबटपणा घटतो, हे तुम्हाला सांगायला नको. त्यातले मॅलिक आम्ल उष्णतेत, विशेषतः गरम रात्रींत, वेल स्वतःच खर्चून टाकते. थंड किनाऱ्यावर साखर हळूहळू चढते, आम्ल टिकते, आणि सप्टेंबरच्या अखेरपर्यंत किंवा ऑक्टोबरपर्यंत घड वेलीवर राहून चव भरते. आपल्याकडे वेल हिवाळ्यात झोपत नाही. एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला गोडी छाटणी करून आपणच तिचे वर्ष ठरवतो आणि माल जानेवारी ते मार्चमध्ये घेतो. थंडीच्या रात्रींचा फायदा मिळतो खरा, पण फेब्रुवारीच्या शेवटी पारा चढू लागला की शार्डोनेचे आम्ल झपाट्याने खाली येते. अशक्य आहे असे मी म्हणत नाही. सोलापूर जिल्ह्यात अकलूजकडे शार्डोनेची वाइन होते, आणि दिंडोरी तालुक्यात फेसाळ वाइनसाठी ही जात वापरतात. फेसाळ वाइनला द्राक्ष लवकर, कमी साखरेवर तोडतात, त्यामुळे उन्हाची मार चुकते. पण ही कामे ज्यांची स्वतःची टाकी, स्वतःचा तंत्रज्ञ आणि स्वतःचा बाजार आहे अशांनी केलेली आहेत. पत्रक वाचून दोन एकर लावण्याची ही गोष्ट नव्हे.

चौदा टनांची कहाणी

आता मुद्द्याकडे येऊ. 24 मे 1976 रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परिअर नावाच्या वाइन व्यापाऱ्याने एक परीक्षा ठेवली. फ्रेंच परीक्षक, डोळ्यांआड बाटल्या, चार बरगंडीच्या आणि सहा कॅलिफोर्नियाच्या पांढऱ्या वाइन. पहिली आली शातो मोंटेलेना या कारखान्याची 1973 सालची शार्डोने. फ्रेंचांची मान खाली गेली, कॅलिफोर्नियाचे नाव जगभर झाले. मोंटेलेना हा कारखाना नापा खोऱ्यातला. त्यामुळे नाव झाले ते नापाचे. आजही वाइन म्हटली की लोक नापाच म्हणतात.

पण त्या वाइनची द्राक्षे आली कोठून? तर त्यातला मोठा वाटा, सुमारे चौदा टन, सोनोमा जिल्ह्यातल्या रशियन नदीच्या खोऱ्यातून, चार्ल्स आणि हेलन बासिगालुपी या शेतकरी जोडप्याच्या बागेतून गेला होता. समुद्रावरचे धुके ज्या नदीच्या वाटेने आत शिरते, तेच हे खोरे. बाटलीवर मात्र छापले होते 'नापा आणि अलेक्झांडर व्हॅली'. बासिगालुपींचे नाव नाही, त्यांच्या खोऱ्याचेही नाही. त्या खोऱ्याला सरकारमान्य नाव मिळाले ते 1983 साली, परीक्षेनंतर सात वर्षांनी. त्यात कोणी फसवले असे नाही. द्राक्ष विकले, पैसे घेतले, व्यवहार पुरा झाला. पण जगात पहिले आलेल्या मालाची कीर्ती गाडीबरोबर डोंगर ओलांडून गेली आणि शेतकऱ्याच्या बांधावर काही राहिले नाही. ही गोष्ट ऐकली की मला आपल्याकडचा कांदा, डाळिंब, बेदाणा आठवतो. माल एका गावचा, नाव दुसऱ्या बाजारपेठेचे.

हद्द कोणी आखली?

अमेरिकेत सरकारमान्य द्राक्षक्षेत्र जाहीर करण्याचे काम केंद्र सरकारचे एक खाते करते. एखाद्या क्षेत्राचे नाव बाटलीवर घालायचे असेल तर त्यातली निदान 85 टक्के द्राक्षे त्याच क्षेत्रातली पाहिजेत. जातीचे नाव घालायचे तर 75 टक्के त्या जातीची. एका विशिष्ट बागेचे नाव घालायचे तर 95 टक्के त्याच बागेतली. म्हणजे नाव जितके बारीक, तितकी अट कडक, आणि तितका त्या शेतकऱ्याचा भाव वर. तेव्हा क्षेत्राची हद्द कोठून कोठे जाते हा नकाशावरच्या रेघेचा नव्हे, तर पैशाचा प्रश्न आहे.

सोनोमा किनारा, अर्थात सोनोमा कोस्ट, हे क्षेत्र 1987 साली जाहीर झाले. पाच लाख एकरांच्या जवळपास. ही हद्द मागण्यात पुढाकार होता शार्डोनेचीच खासियत असलेल्या सोनोमा-कट्रर या कारखान्याच्या ब्राइस जोन्स यांचा. 'स्वतःच्या बागेतली, स्वतःच्या कारखान्यात भरलेली' अशा अर्थाचे शब्द बाटलीवर घालायचे तर बाग आणि कारखाना एकाच मान्य क्षेत्रात असावा लागतो. बागा लांब लांब पसरलेल्या, म्हणून हद्दही तशीच लांबरुंद झाली. नाव किनाऱ्याचे, पण आत समुद्रापासून कितीतरी लांबची, उबदार जमीनही आली. कायद्याने त्यात चूक काहीच नाही. पण डोंगराच्या धारेवर, समुद्र दिसेल अशा ठिकाणी एकरी जेमतेम दोन-तीन टन काढणारा शेतकरी आणि आतल्या भागात त्याच्यापेक्षा जास्त काढणारा, दोघांच्या बाटलीवर एकच नाव. सांगा, गिऱ्हाइकाने फरक करायचा कसा?

मग धारेवरचे लोक उठले. हे सगळे काही धनाढ्य नव्हते. 1980 च्या आसपास जेव्हा काहींनी तिथे वेली लावल्या तेव्हा 'इथे मेंढ्या चारा, द्राक्ष कसले पिकणार' असे ऐकून घेतलेले लोक त्यांत होते. त्यांनी तापमानाच्या नोंदी जमवल्या, उंचीचे नकाशे काढले, भूगोलाच्या जाणकाराकडून अर्ज तयार करून घेतला. 2012 च्या जानेवारीत फोर्ट रॉस-सीव्ह्यू हे वेगळे क्षेत्र अस्तित्वात आले : 27,500 एकर हद्द, त्यात फक्त 18 व्यापारी बागा आणि 506 एकर लागवड. पुढे 2022 मध्ये वेस्ट सोनोमा कोस्ट हे त्याहून मोठे क्षेत्र मान्य झाले. त्याची हद्द सुमारे 1,41,800 एकरांची, पण द्राक्ष मात्र हजार-एक एकर. शंभर एकरांत पाऊण एकरसुद्धा नाही. बाकी जंगल, कुरण, कडे. 1987 पासून 2022 पर्यंत पस्तीस वर्षे. खरा किनारा कोणता, हे कागदावर यायला एवढा काळ गेला.

इथे गावचे सरपंच, ग्रामसेवक आणि तलाठीभाऊंना एक सांगावेसे वाटते. या पस्तीस वर्षांत जे कामाला आले ते भाषण नव्हे, नोंद. कोणत्या शिवारात किती फुटांवर धुके थांबते, कोणत्या तारखेला कळी निघाली, तोडणी कधी झाली, ही वही ज्याने ठेवली त्याच्या बाजूने निकाल लागला. आपल्याकडे पीक पेरा नोंदवताना 'द्राक्ष' असा एकच शब्द लिहून मोकळे होतात. वाइनचे की खाण्याचे, कोणती जात, तो रकाना रिकामाच.

रात्रीचे दव आणि नदीतले मासे

थंड प्रदेशाचे नुसते गोडवे गाण्यात अर्थ नाही. शार्डोने घाईने डोळे फोडते, हे वर आलेच. मार्च-एप्रिलमध्ये आकाश निरभ्र असले की रात्री खोलगट भागात दव गोठते आणि कोवळा फुटवा करपतो. त्यावर उपाय म्हणून तिथे रात्रभर तुषार सिंचन चालवतात. पाणी फुटव्यावर गोठताना उष्णता सोडते आणि फुटवा शून्य अंशावर टिकून राहतो. उपाय नामी, पण पाणी लागते एकरी मिनिटाला सुमारे दोनशे लिटर. आठ तास चालवले तर एकरी लाखाच्या घरात लिटर. आणि थंडी सगळ्यांना एकाच रात्री पडते, त्यामुळे पंपही सगळ्यांचे एकदमच सुरू होतात.

2008 च्या एप्रिलमध्ये अशाच एका रात्रीनंतर रशियन नदी आणि तिच्या ओढ्यांची पातळी एकाएकी उतरली आणि सामन माशांची पिल्ले कोरड्या दगडगोट्यांवर तडफडून मेली. हे मासे संरक्षित. प्रकरण तापले. 2011 च्या सप्टेंबरमध्ये राज्याच्या पाणी मंडळाने नियम केला की 15 मार्च ते 15 मे या काळात दवापासून बचावासाठी पाणी उचलायचे तर मंडळाने मान्य केलेल्या सामूहिक नियोजनात सामील व्हावे लागेल. बागायतदार कोर्टात गेले. 2014 मध्ये अपील न्यायालयाने नियम कायम ठेवला. दरम्यान बऱ्याच जणांनी शेततळी केली, काहींनी हवा ढवळणारे मोठे पंखे बसवले. नदीकाठी ज्याची जमीन त्याचे पाणी, हा हक्क तिथे फार जुना. तोही आकाशपाताळ एक करून शेवटी सामायिक वेळापत्रकात बसवावा लागला. आपल्याकडे पाळीपत्रकावरून रात्री-अपरात्री होणारी भांडणे ज्यांनी मिटवली आहेत, त्यांना यातले दुखणे वेगळे समजावून द्यायला नको.

त्यात 2020 ची आग. ऑगस्टमध्ये विजा पडून जंगल पेटले, सोनोमातही वणवा आला. बागा जळाल्या थोड्या, पण धुराचा वास मण्यांत उतरला म्हणून कारखान्यांनी पुष्कळ माल नाकारला. बाहेरून बघावे तर घड ठणठणीत.

नाव आले, गिऱ्हाईक कुठे आहे?

आणि आता ताजी परिस्थिती. लोक वाइन कमी पिऊ लागले आहेत. आंतरराष्ट्रीय वाइन संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2024 मध्ये जगाचा खप सुमारे 21 कोटी 40 लाख हेक्टोलिटर झाला. 1961 नंतरचा हा सर्वांत कमी. कॅलिफोर्नियात त्या वर्षी जेमतेम साडेअठ्ठावीस लाख टन वाइन द्राक्षे गाळली गेली, वीस वर्षांतला नीचांक. पीक कमी आले हे एक कारण, पण गिऱ्हाईकच नाही म्हणून वेलीवर सोडून दिलेला माल हेही कारण. हजारो एकर वेली उपटल्या गेल्या. सोनोमासारख्या नामांकित जिल्ह्यातही ज्यांच्याजवळ करार नव्हता त्यांचे घड लोंबत राहिले. शार्डोनेच्या नावावर उभा राहिलेला तो सोनोमा-कट्रर कारखानाही 2024 मध्ये एका कंपनीकडून दुसरीकडे गेला, आणि घेणारी कंपनी त्याच वर्षाच्या अखेरीस तिसऱ्याने घेतली. शेतकऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच की ज्याच्याशी करार केला तो माणूस उद्या टेबलापलीकडे असेलच असे नाही.

मग सोनोमाचा शेतकरी तगतो कशावर? नुसत्या नावावर नव्हे. भावाचे बोलायचे तर अलीकडच्या वर्षांत सोनोमातील शार्डोनेला सरासरीने टनाला अडीच हजार डॉलरच्या आसपास मिळत आले आहेत. तिथला टन 907 किलोचा. म्हणजे किलोला सव्वादोनशे ते अडीचशे रुपयांच्या दरम्यान. आतल्या गरम खोऱ्यात त्याच शार्डोनेला टनामागे काही शे डॉलर. ऐकून डोळे विस्फारतील, पण एकरी दोन-तीन टनांवर हिशेब करा, आणि तिथली मजुरी, जमिनीची किंमत धरा.

मला महत्त्वाच्या वाटतात त्या दुसऱ्याच दोन गोष्टी. पहिली, भावाचा जाहीर तक्ता. 1976 साली, म्हणजे पॅरिसच्या त्या परीक्षेच्याच वर्षी, कॅलिफोर्नियाने एक कायदा केला. प्रत्येक कारखान्याने कोणत्या जातीची किती द्राक्षे, कोणत्या विभागातून, किती साखरेवर आणि काय भावाने घेतली हे सरकारला कळवायचे. सरकार सर्वांची आकडेवारी एकत्र करून दर वर्षी फेब्रुवारीत छापते. सतरा विभाग, प्रत्येक जातीचा सरासरी भाव. अनेक करारांत लिहिलेले असते की यंदाचा दर त्या तक्त्यावरून ठरेल. शेतकरी वाटाघाटीला बसतो तेव्हा त्याच्याही हातात तोच कागद असतो जो कारखानदाराच्या. दुसरी गोष्ट, बोजा. आपल्याला बोजा म्हटला की सातबारा आठवतो, बँकेने आपल्या जमिनीवर चढवलेला. तिथे उलट आहे. शेतकऱ्याने माल दिला आणि पैसे बाकी राहिले तर त्या मालावर आणि त्यापासून बनलेल्या वाइनवर कायद्याने शेतकऱ्याचा बोजा चढतो. कारखान्याच्या टाकीवर शेतकऱ्याचा बोजा! आपल्या साखर कारखान्यांच्या थकबाकीच्या सभांत बसलेल्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे.

आपल्याकडे काय? नाशिक व्हॅली वाइन या नावाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, ही चांगली गोष्ट. पण त्याची हद्द कोणती, अटी कोणत्या, हे किती द्राक्ष बागायतदारांनी वाचले आहे? दिंडोरीचा गारवा आणि निफाडचा सपाट पट्टा एकच का? निफाडला थंडीत पारा किती उतरतो ते वर्तमानपत्रात दर हिवाळ्यात छापून येते, पण त्याचा द्राक्षाच्या भावाशी संबंध जोडलेला कोणी पाहिला नाही. इकडे बाहेरची वाइन स्वस्त होऊ घातली आहे. ऑस्ट्रेलियाशी झालेला करार 29 डिसेंबर 2022 पासून लागू आहे. त्याप्रमाणे पाच डॉलरवरच्या बाटलीचा आयातकर 150 वरून 100 टक्क्यांवर आला आणि दहा वर्षांत 50 वर जाणार. पंधरा डॉलरवरच्या बाटलीचा 75 वर आला, तो 25 वर उतरेल. ऑस्ट्रेलियाच्या थंड किनारी भागांतही शार्डोने उत्तम होते. म्हणजे आपला पोरगा आज लावेल ती वेल ऐन भरात येईल तेव्हा तिचा सामना त्या बाटलीशी असेल.

हे सगळे मी पुस्तकातूनच सांगतो आहे असे समजू नका. 2001 मध्ये राज्याचे द्राक्ष प्रक्रिया धोरण आले, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क झाले, त्या भरात आमच्या चुलत्यांनीही दीड एकर वाइनची लाल जात लावली. एका कंपनीशी करार. दोन हंगाम गाडी आली, वजन झाले, पैसे उशिरा का होईना मिळाले. तिसऱ्या हंगामाला मंदी आली होती. कंपनीचा माणूस बांधावर आला, घड हातात घेतला, ''माल एक नंबर आहे काका, पण टाकी रिकामी नाही,'' म्हणाला आणि गेला. वाइनचे द्राक्ष बाजारात कोण खाणार? बारीक मणी, आत बिया. शेळ्यांना घातले. मी तेव्हा कृषी पदविकेला होतो. सुटीत घरी गेलो तर चुलते जेसीबीवाल्याला वेलीचा खुंट कुठून उपटायचा ते दाखवत होते. करारात खरेदी नाकारली तर काय, याबद्दल एक ओळ नव्हती. मी तो कागद नंतर तीनदा वाचला.

तेव्हा त्या तरुण बागायतदाराला माझे सांगणे असे. पत्रकवाल्याला आधी विचार, करार किती वर्षांचा? भाव कशावरून ठरणार, तुमच्या मर्जीवरून की एखाद्या लेखी सूत्रावरून? साखर मोजणार कोण, आणि मोजताना मी उभा राहू शकतो का? कंपनी विकली गेली तर नवा मालक हा करार पाळणार का? टाकी रिकामी नसेल तर माझ्या मालाचे काय? आणि विचारायला संकोच वाटेल, पण हेही विचार : बाटलीवर आमच्या गावाचे नाव येणार का? या प्रश्नांची उत्तरे कागदावर, सहीनिशी आली तरच पुढे बोलणे. नुसती तोंडी आली तर पत्रक परत कर. उत्तरे आली तरी शार्डोने दोन एकर नको. चार ओळी लाव, तीन हंगाम आम्ल आणि साखर दर आठवड्याला मोजून वहीत लिही. रिफ्रॅक्टोमीटर आमच्या कार्यालयातून मिळेल, वापरायला मी येऊन शिकवतो. कारखान्यांना शेनिन आणि सोव्हिन्यों हव्या असतात, पण तिथेही आधी करार, मग खड्डा.

बासिगालुपींचे पुढे काय झाले, असे कोणी विचारील. त्यांच्या घराण्याने ती बाग राखली, आणि पुढे पुढच्या पिढीने स्वतःच्या आडनावाने बाटल्या भरायला सुरुवात केली. पॅरिसला जिंकलेल्या वाइनमध्ये आपला माल होता हे त्यांना सिद्ध करता आले, कारण 1973 सालच्या चौदा टनांच्या वजनपावत्या शाबूत होत्या. आमच्या चुलत्यांकडेही पावत्या आहेत, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, दोन हंगामांच्या. तिसऱ्याची नाही, कारण त्या वर्षी वजनच झाले नाही.